चढाला गाडी ओढेना, मध्येच बंद पडते : टर्बो गाडीतला दोष टप्प्याटप्प्यानं कसा शोधायचा

"मेस्त्री, गाडी वढंना झालीया. टर्बो गेलाय म्हणत्यात."

साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजात हे वाक्य कानावर पडलं की मी लगेच बोनेट उघडत नाही. आधी खुर्ची पुढे करतो, चहा सांगतो आणि विचारायला बसतो. टर्बो गाडीची ताकद अचानक जायला दहा-पंधरा कारणं असतात, आणि खुद्द टर्बो नादुरुस्त असणं हे त्यात फार मागे येतं. पण टर्बो हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, वस्तू महाग आहे, त्यामुळे संशय आधी तिच्यावरच जातो. मग आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो. नवा टर्बो बसवून आठवडा झाला नाही तोच गाडी पुन्हा यवतेश्वरच्या चढाला बसलेली मी पाहिली आहे. त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, गाडीमालकांसाठी आणि नुकताच पाना हातात घेतलेल्या पोरांसाठीही. यातला क्रम सोडू नका. फुकटात होणारी तपासणी आधी, पैशाची नंतर, आणि खोलाखोली सगळ्यात शेवटी.

घाटात गाडी बसली तर आधी जीव सांभाळा

पुण्याहून साताऱ्याला येताना वाटेत खंबाटकीचा घाट आहे. चढाच्या त्या वळणांवर मागून भरलेले ट्रक येत असतात, आणि तुमची गाडी अचानक वीसच्या वेगावर आली तर त्यांना थांबायला जागा नसते. ताकद गेली असं वाटताच चारही इंडिकेटर चालू करा, खालचा गिअर टाका आणि डाव्या कडेला या.

इंजिन पूर्ण बंद पडलं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टिअरिंग जड होईल. आणि ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमचा साठा दोन-तीन वेळा पाय मारेपर्यंतच पुरतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका, एकदाच जोर लावून दाबून धरा. गाडी चालती असताना चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. थांबल्यावर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला मोठा दगड लावा, माणसांना कठड्यापलीकडे उभं करा. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.

आता डॅशबोर्ड बघा. ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तापमानाचा काटा वर गेला असेल किंवा मागून निळा धूर येत असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. टोइंग बोलवा. यातलं काहीच नसेल आणि फक्त पिवळा इंजिनचा दिवा असेल, तर चावी बंद करून एखादं मिनिट थांबा आणि परत चालू करा. ताकद परत आली तर ही फार मोलाची खूण आहे. याचा अर्थ गाडीच्या संगणकानं, म्हणजे ईसीयूनं, काहीतरी गडबड बघून स्वतःच हात आखडता घेतला होता. याला लिम्प मोड म्हणतात. त्या अवस्थेत बऱ्याच गाड्या अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जात नाहीत. नुसती चावी फिरवून तुटलेला टर्बो जुळत नाही, त्यामुळे अशा वेळी टर्बोची पाती शाबूत असण्याचीच शक्यता जास्त.

ताकद जाते की बंद पडते?

गिऱ्हाईक दोन्हीला "गाडी बंद पडते" म्हणतं. पण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

इंजिनाला हवा लागते, इंधन लागतं, इंधन कधी सोडायचं याचा इशारा लागतो आणि जळालेला धूर बाहेर जायला वाट लागते. टर्बो काय करतो, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून दाबतं, ती तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होते आणि इंजिनात ठासली जाते. डिझेल गाडीत ही हवा कमी पडली तर गाडी मरगळते, काळा धूर ओकते, पण सहसा बंद पडत नाही. टर्बोच नसल्यासारखी चालत राहते. बंद पडते ती इंधन तुटलं किंवा इशारा थांबला तर. मला सगळ्यात जास्त उपयोग या एका फरकाचा झाला आहे.

बंद कशी पडते तेही विचारा. घरातला दिवा विझावा तशी एका क्षणात, आचका न देता बंद पडली तर संशय विजेच्या बाजूला : इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा क्रँक सेन्सर, मेन रिले, अर्थिंगची पट्टी, कुठे घासलेली वायर. आचके देत, मरत मरत बंद पडली तर संशय इंधनाकडे : चोक झालेला फिल्टर, डिझेलात पाणी, पाईपात धरलेली हवा, थकलेला पंप.

मग बाकीचे प्रश्न. थंड असताना होतं की तापल्यावर? सपाटीला ठीक आणि चढालाच त्रास आहे का? किती आरपीएमला? धूर कोणत्या रंगाचा? त्याआधी डिझेल कुठे भरलं, सर्व्हिसिंग झालं का, गाडी धुतली का, पाण्यातून गेली का? कालच डिझेल फिल्टर बदललाय आणि आजपासून गाडी बंद पडतेय असं कुणी सांगितलं की मी थेट फिल्टरचं ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, बघतो. नवं ओ-रिंग मुडपून बसलं की डिझेल बाहेर गळत नाही, पण हवा आत ओढली जाते.

आणखी एक गोष्ट आधीच वगळून टाका. चढाला आरपीएम वर जातो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो? मग इंजिनला दोष देऊ नका, क्लच घसरतोय. थोडं चालवून उतरल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय? ब्रेक जाम आहे. या दोन कारणांसाठी "पिकअप गेला" म्हणून आलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडून दिल्या.

बोनेटखाली, हात घालून

इंजिन थंड असताना, बंद ठेवून सुरुवात करा. एअर फिल्टरचा डबा उघडा. ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेआधीच भरतो. उघड्यावर लावलेल्या गाडीत हवा ओढायच्या नळीत उंदीर घरटं करतात. एकदा अशाच नळीतून मी ओंजळभर चिंध्या आणि शेंगांची टरफलं काढली होती, तीच गाडीची तक्रार होती. पावसाळ्यात कागद ओला होऊन लोंबतो, तोही श्वास कोंडतो.

त्यानंतर हवेचे हौज. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे जाड रबरी पाईप. हे नुसते बघू नका, हातानं चाचपा. एकदा एक डिझेल गाडी आली होती, तिसऱ्या गिअरला दोन हजारच्या पुढे गेली की बसायची. वरून सगळे हौज अखंड दिसत होते. मी गाडी वर घेतली, इंटरकूलरच्या खालच्या वळणावर पाईपामागे हात घातला आणि बोटाला ओलसर तेल लागलं. दोन बोटांनी पाईप दाबला तेव्हा त्याचं तोंड उघडलं : भाताच्या पातीनं बोट कापावं तशी बारीक, सरळ चीर, लांबी करंगळीच्या दोन पेरांएवढी. सोडला की चीर मिटायची. इंजिन रेसवर असताना तिथून आवाजही येत नव्हता, कारण गाडी उभी असताना टर्बो फारसा दाब तयार करतच नाही. चढाला दाब वाढला की तीच चीर तोंड वासायची. मालकाला तोवर दोन ठिकाणी टर्बो बदलायला सांगितलं होतं.

म्हणून खूण सांगतो. हौजच्या आत तेलाचा हलका ओशटपणा असणं साधारण आहे. पण बाहेरून एकाच जागी तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, की तिथून हवा निसटतेय असं समजा. क्लिपा पान्यानं घट्ट आहेत का बघा. इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या आणि जाळी जिथे मिळतात तिथेही नजर टाका.

मग बारीक नळ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोचं नियंत्रण व्हॅक्यूमवर चालतं : बारीक रबरी नळी, मध्ये एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, आणि टर्बोच्या अंगावर डब्यासारखा अॅक्च्युएटर, त्याला एक दांडी. ही नळी उष्णतेनं बिस्किटासारखी कडक होते आणि टोकाला तडकते. टोकाचा तडा असेल आणि नळी लांबीला पुरत असेल तर एक इंच कापून परत बसवली तरी काम होतं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटी, म्हणजे आत हलत्या पाकळ्या असलेल्या, टर्बोत इंजिन चालू केल्यावर दांडी ओढली जाते आणि बंद केल्यावर परत येते. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः दांडीवर नजर ठेवा. हलतच नसेल तर हातपंपानं अॅक्च्युएटरला थेट व्हॅक्यूम द्या. काटा मिनिटभर जागेवर टिकला पाहिजे. पडला तर डब्यातला पडदा फाटलाय. काटा टिकतो पण दांडी अडखळत हलते, तर टर्बोच्या आतल्या पाकळ्यांवर काजळी बसलीय.

आता टर्बो. आत जाणारा हौज काढून बोटानं चक्र फिरवा. सहज फिरलं पाहिजे. बाजूला थोडंसं हललं तर घाबरू नका, ऑइलच्या थरावर तरंगणाऱ्या दांड्याला तेवढी मोकळीक असते. पण पुढे-मागे खेळ जाणवला, पाती कडेला घासल्याच्या चकचकीत रेषा दिसल्या किंवा पातं तुटलेलं दिसलं तर टर्बो खरोखर गेलाय. गाडी चालवताना शिट्टीचा आवाज सायरनसारखा चढत जाणं, मागून निळा धूर येणं आणि इंटरकूलरमधून वाटीभर ऑइल निघणं या त्याच्या सोबतच्या खुणा.

इतकं करूनही हवेची गळती सापडत नसेल तर दाब देऊन बघा. एअर फिल्टरच्या पुढच्या पाईपाला झाकण बसवून त्यातून हलकी हवा सोडा, १० ते १२ पीएसआयपेक्षा जास्त नको, आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो तेच तत्त्व. बुडबुडे जागा दाखवतात.

स्कॅनर : कोड वाचा, पण कोडवर पार्ट मागवू नका

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे ईसीयूनं नोंदलेले दोषांचे कोड वाचायचं, सॉकेट असतं. ब्लूटूथचं साधं ईएलएम ३२७ यंत्र आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर घरच्या घरी बरंच काम होतं. पहिला नियम : कोड पुसण्याआधी वहीत लिहा. त्यासोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दोष आला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं याची नोंद. कोड पुसला की बहुतेक वेळा तीही जाते, आणि मग पुरावा हातातून जातो.

पी ०२९९ म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा कमी. यात टर्बो आला, पण हौज, व्हॅक्यूम नळी, सोलेनॉइड, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बोच्या आधीच गळणारा एक्झॉस्टही आला. पी ०२३४ म्हणजे दाब जास्त झाला. हा कोड मला गावात हळूहळू फिरणाऱ्या गाड्यांत जास्त दिसतो. पाकळ्यांवर काजळी साचते, मग एक दिवस कुटुंबाला घेऊन वाईवरून पसरणीचा घाट चढायला घेतात, पाकळ्या अडकतात, दाब हाताबाहेर जातो आणि ईसीयू ताकद कापतो. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये, सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या जाड नळीत, इंधनाचा दाब कमी. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचा इशारा नाही. पी ०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. पी ०४०१ आणि ०४०२ ईजीआरचे. कोड फक्त कोणत्या खोलीत शोधायचं ते सांगतो.

मग थेट आकडे. सुरुवात फुकटच्या तपासणीनं करा : चावी चालू, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवणार. समुद्रसपाटीला हा १०१ किलोपास्कल असतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, त्यामुळे इथे ९३ च्या आसपास यायला हवा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे ८६ च्या आसपास. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभी असलेली गाडी इंजिन बंद असताना ११० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याच्या तोंडाशी काजळी बसलीय. काढा, सेन्सरसाठीच्या क्लीनरनं हलकेच धुवा, वाळवा, परत बघा.

आता चालवून. यवतेश्वरच्या चढाला पहाटे, गर्दी नसताना जा. हाच रस्ता कास पठाराला जातो, तिथल्या फुलांच्या दिवसांत रविवारी हा प्रयोग करू नका. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, तुमची नजर रस्त्यावर. तिसरा गिअर, दीड हजार आरपीएम, आणि रेस पूर्ण दाबून तीन-साडेतीन हजारापर्यंत. अॅपमध्ये चार गोष्टींची नोंद ठेवा : ईसीयूनं मागितलेला आणि मिळालेला टर्बोचा दाब, मागितलेला आणि मिळालेला रेलचा दाब. डिझेल गाडीत पूर्ण रेसवर मॅपचा आकडा बहुधा २०० किलोपास्कलच्या पुढे जातो. तो १२०-१३० वर अडकला आणि रेल ठीक असेल, तर हवेच्या बाजूला परत जा. टर्बोचा दाब ठीक आहे पण रेलचा दाब मागणीच्या खाली कोसळतोय, तर इंधन. दोन्ही बरोबर आहेत तरी गाडी ओढत नाही, तर धूर बाहेर पडायची वाट अडली आहे, किंवा मघाचा क्लच आणि ब्रेक.

इंधनाची बाजू

फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, मध्ये रेघ स्पष्ट दिसते. तळाला काळा गाळ दिसला तर टाकीही साफ करावी लागणार. फिल्टर नंतर येणाऱ्या पाईपाच्या जागी तात्पुरता पारदर्शक पाईप लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे निघून जातात. सतत मोत्यांची माळ येत राहिली तर कुठून तरी हवा धरतेय.

गाडी मरगळली की टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीची श्वास घ्यायची नळी बंद झालीय.

रेलचा दाब सेल्फ मारताना साधारण दीडशे-दोनशे बारच्या वर गेल्याशिवाय बहुतेक कॉमन रेल गाड्या चालूच होत नाहीत. आयडलला तो तीनशेच्या आसपास असतो आणि पूर्ण रेसवर हजाराच्या कितीतरी पुढे जातो. दाब तयारच होत नसेल तर पंप किंवा पंपावरचा नियंत्रण व्हॉल्व्ह, किंवा इंजेक्टर मागच्या मागे डिझेल सोडताहेत. इंजेक्टरची परीक्षा सोपी आहे : परतीच्या नळ्या काढून चारही इंजेक्टरना सारख्या चार बाटल्या लावा, इंजिन आयडलला काही मिनिटं चालवा. तीन बाटल्या बोटभर आणि चौथी अर्धी भरली, तर चोर सापडला.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, ही ऐकाच. जुन्या डिझेलमध्ये नोझलची नळी ढिली करून "कुठलं मिसिंग आहे" बघायची सवय होती. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना ती लोखंडी नळी कधीही ढिली करू नका, आणि गळती शोधायला तिथे बोट फिरवू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर तासभरही न थांबता मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती बघायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला थोडा वेळ द्या.

तापल्यावर मरते, गार झाली की चालू होते

पुण्यात नोकरी करणारा एक पोरगा दर शनिवारी गावी यायचा. खंबाटकी चढून वर आला की गाडी बंद. अर्धा तास थांबलं की चालू, मग घरापर्यंत काही तक्रार नाही. डिझेल फिल्टर बदलून झाला, टाकी साफ करून झाली, आता पंप उतरवायची बोलणी चालू होती. मी त्याला म्हटलं, "दादा, पंप राहू दे. आधी घाटाला जाऊ."

वर पोचलो, गाडी मेली. मी मोबाइलवर आरपीएमचा आकडा उघडला आणि त्याला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरत होतं, आवाज येत होता, पण पडद्यावर शून्य. फिरणाऱ्या इंजिनाचा आकडा दोनशे-अडीचशे तरी दिसायला हवा. म्हणजे क्रँक सेन्सर गप्प होता. इंजिन फिरतंय हेच ईसीयूला माहीत नव्हतं, मग तो डिझेल कशाला सोडेल? ओलं फडकं सेन्सरच्या अंगावर दाबून धरलं, पाच-सात मिनिटांत पडद्यावर आकडा हलला आणि गाडी चालू झाली. आतली बारीक तार तापल्यावर तुटायची, गार झाली की जुळायची. सेन्सर बदलला, तक्रार संपली.

जुन्या गाडीत स्कॅनर नसेल तर डॅशबोर्डचा आरपीएम काटा बघा. गाडी चालत्या गिअरमध्ये असताना, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत असताना, काटा धपकन शून्यावर पडला तर तीच खूण.

विजेच्या बाकीच्या जागा म्हणजे बॅटरीची टर्मिनल, इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी, मेन रिले आणि वायरिंग. इंजिन आयडलला ठेवून वायरचा एकेक गुच्छ हलकेच हलवा. कुठे आचका बसला की तिथेच सापडलं. दोन सेकंद चालून बंद पडते आणि चावीचा दिवा लुकलुकतो, तर तो इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा.

धुराची वाट

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला की जळका धूरच परत इंजिनात येतो. आयडलला थरथर, सिग्नलला बंद पडणं, चढाला काळा धूर. काढून साफ करा, आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या, आत टॉर्च मारून बघा. तव्याच्या बुडाच्या काजळीसारखा थर बोटभर जाड झालेला असतो. हा व्हॉल्व्ह पत्रा लावून बंद करून देणारे आहेत. मी करत नाही. प्रदूषण वाढतं, आणि नव्या गाड्यांत त्याचाच कोड येऊन ताकद पुन्हा कापली जाते.

एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ ही काजळी अडवणारी चाळणी सरसकट आली. ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी लांब आणि सलग चालणं लागतं. राजवाडा ते बाजार आणि परत एवढंच फिरणाऱ्या गाडीत ते होत नाही. नुसता दिवा लागला असेल तर साताऱ्याहून कराडकडे महामार्गानं वीस-पंचवीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर सलग चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. दिवा लुकलुकत असेल किंवा ताकद गेली असेल तर हा प्रयोग नको, स्कॅनरवरून साफ करून घ्या. साफसफाई वारंवार अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलं दिसलं तर आधी ऑइल बदला. आणि ही चाळणी साफ होताना आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान असतं. दिवाळीनंतर कासकडे गवत वाळलेलं असतं, त्यावर तापलेली गाडी लावू नका. त्या पठाराला एक ठिणगी पुरे.

पेट्रोल टर्बोबद्दल थोडक्यात. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीत टर्बोनंतरचा हौज निसटला तर मोजलेली हवा बाहेर जाते, इंधन जास्त होतं आणि गाडी बंद पडते. डिझेलपेक्षा हे वेगळं. चढाला दाब वाढला की आचके बसतात आणि पी ०३०० ते ०३०४ यातला कोड येतो, तर आधी प्लग आणि कॉइल बघा. दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जास्त जोर लागतो, म्हणून सपाटीला ठीक चालणारा थकलेला प्लग चढाला हार मानतो. टाकी भरल्या भरल्या गाडी चालू व्हायला त्रास देते किंवा बंद पडते, तर टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह बघा.

टर्बो खरंच गेला असेल तर

नवा बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा, नाहीतर दुसराही त्याच वाटेनं जाईल. ऑइल देणारी बारीक नळी जळक्या ऑइलनं अरुंद होते, ती नवीच घाला. परतीची नळी मोकळी आहे का बघा. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल पूर्ण काढून धुवा, एवढं तरी विसरू नका. ते ऑइल इंजिनानं ओढलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच धावायला लागतं, चावी बंद करूनही थांबत नाही. कधी असा प्रसंग आलाच, तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडून इंजिन दाबून मारा. हवेच्या तोंडाला हात लावू नका.

काम झाल्यावर गाडी ताब्यात देण्याआधी त्याच चढाला, त्याच गिअरला, तेवढीच माणसं बसवून परत न्या आणि आधीचे चार आकडे नव्या आकड्यांशेजारी वहीत लिहा. हौज बदलला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना सगळ्या क्लिपांवर एकदा पाना फिरवा. नवं रबर पहिल्या तापात थोडं बसतं आणि क्लिप अर्धा वेढा ढिली झालेली असते.